बातमीबाईची स्थावर, जंगम आणि बोलकी मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बातमीदारी, राहणार बेकरीच्या वरचा मजला, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि दुपारचा चहा घेऊन झाल्यावर, माझ्या मालमत्तेची माझ्या पश्चात काय व्यवस्था व्हावी ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. वकीलसाहेबांनी आणलेल्या कच्च्या मसुद्यात ‘धंदा’ या शब्दापुढे ‘निवृत्त’ असे लिहिले होते. ते मी खोडले. निवृत्त हा धंदा नव्हे.

माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तपासताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला आणि त्यांनी दवाखान्याचा ओटा फुटपाथवर कोणाच्या परवानगीने वाढवला ते विचारले. दाखला लगेच मिळाला.

हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. माझ्यावर दडपण आणून पाहणाऱ्यांत आजवर दोन मंत्री आणि एक सख्खे दीर होऊन गेले. कोणालाही ते जमले नाही. तरीही कोणी तसा दावा केल्यास न्यायालयाने तो हसून सोडून द्यावा.

कलम पहिले : घर

माझे राहते घर, म्हणजे तीन खोल्या, गच्चीचा अर्धा हक्क आणि जिन्यात कायम भरून राहिलेला पावाचा वास, माझी एकुलती एक मुलगी हिला मिळावे. ती दंतवैद्य आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील.

मात्र माझ्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, यांना या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील. खिडकीजवळची खोली, त्यांचे शिवणयंत्र आणि रेडिओ वाटेल तेवढा मोठा लावण्याची मुभा त्यात धरावी. त्यांना कोणी “आता वयाप्रमाणे वागा” असे सांगू नये. सांगून पाहिलेले आहे.

हा हक्क मी त्यांना देते आहे असे कायद्याच्या भाषेत लिहावे लागते, म्हणून लिहिले. खरे पाहता हे घर उभे राहिले त्यांच्यावर. माझे यजमान नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. शांत माणूस. मुलगी चार वर्षांची असताना कामावरच, टेबलावर मान टेकून गेले. दिवस झाल्यावर सासरची मंडळी जमली आणि माझे पुढे काय करायचे यावर चर्चा सुरू झाली. मी त्याच खोलीत बसले होते, पण माझ्याकडे कोणी पाहत नव्हते.

थोरले दीर म्हणाले, “टीव्हीतली नोकरी सोडायची, पोरीला घेऊन आमच्याकडे यायचं. दुसरं काय?”

वन्सं तेव्हा शिवणाचे दुकान चालवत. त्यांनी लग्न केले नव्हते. दातांत टाचण्या धरूनच बोलायची त्यांना सवय होती. त्यांनी टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या, तेव्हाच मला कळले की काहीतरी महत्त्वाचे येते आहे.

“नोकरी ती सोडणार नाही,” त्या म्हणाल्या. “पोरीला मी बघते. माझं यंत्र कुठंही चालतं.”

“लोक काय म्हणतील?” दीर म्हणाले.

“लोक टीव्ही बघतील.”

पुढच्या आठवड्यात त्या शिवणयंत्र हातगाडीवर घालून आल्या, त्या आजतागायत इथेच आहेत. हे लिहीत असताना समोर बसून काज करत आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये असे वकीलसाहेबांनी सांगितल्यापासून त्या रागावल्या आहेत. “मग मला काही देऊ नकोस, पण सही करू दे,” असे त्यांचे म्हणणे आहे. ते मी फेटाळले आहे.

कलम दुसरे : टाइपरायटर आणि कोट

टाइपरायटर ज्याला हवा असेल त्याने न्यावा. ‘र’ उमटत नाही. त्याच्यापायी एका सरकारी ‘धोरणा’चे मी जाहीर ‘धोण’ केले होते आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

त्याच टाइपरायटरवर माझी सुरुवात झाली. आमचे टीव्ही केंद्र तेव्हा लाकडी सामानाच्या गोदामावर होते. आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना रजया ठोकलेल्या. दिवे इतके तापत की चेहऱ्यावरचा रंग ओघळून गळपट्टीवर येई. मी वृत्तविभागात टंकलेखिका होते. बायकांनी पडद्यावर यायचे ते कार्यक्रमांची ओळख करून द्यायला. हसायचे, “आता पाहू या” म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. बातम्या वाचत असे तो ‘सोनेरी कंठ’. हे नाव त्याला प्रेक्षकांनी दिले असे तो सांगे. आम्हाला तो प्रेक्षक कधी भेटला नाही.

एका संध्याकाळी सोनेरी कंठ लिफ्टमध्ये अडकला. बातम्यांची वेळ झाली, त्याच्या हाका जिन्यातून ऐकू येत होत्या, पण हाकांवर बातमीपत्र निघत नाही. वृत्तविभागाचे प्रमुख, ज्यांना आम्ही बडे साहेब म्हणत असू, घामाघूम झाले होते. मी म्हटले, “साहेब, बातम्या मीच टाइप केल्यात. मला पाठ आहेत.” त्यांनी माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि दार उघडून धरले.

मी वाचले. एकही शब्द अडला नाही. त्यानंतर टेलिफोन वाजायला लागले. एका गृहस्थांना बाईच्या तोंडून अपघाताची बातमी ऐकून जेवण गेले नाही. दुसऱ्यांनी विचारले, देशात पुरुष संपले का?

बडे साहेब म्हणाले, “बाई, तुमचा आवाज गोड आहे. बातमी गोड नसते.”

“मग कडू करून सांगत जाईन,” मी म्हटले.

“वा! बातमीबाई!” ते म्हणाले, आणि सगळा विभाग खो खो हसला. हे नाव मला चिडवायला ठेवले होते. पुढे मी ते दारावरच्या पाटीवर लावले.

बातम्या काही मिळाल्या नाहीत, पण तोंड बंद करायला म्हणून ‘महिलांसाठी’ हा पाच मिनिटांचा तुकडा मिळाला. विणकामाचे टाके दाखवावेत अशी अपेक्षा होती. पहिल्याच आठवड्यात मी सरकारी दुधाच्या केंद्रावर गेले आणि दुधात पाणी नळाचे घालता की विहिरीचे, असे व्यवस्थापकाला विचारले. तो “नळाचंच, स्वच्छ असतं” म्हणून गेला. दूध महिलांचाच विषय असल्याने मला कोणी हरकत घेऊ शकले नाही.

एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद, मग पर्स धरायची कशाने? वन्संनी जाड कापडाचा कोट शिवला. त्याला आतून-बाहेरून खिसेच खिसे. “पुरुषांना खिसे असतात म्हणून त्यांचे हात मोकळे असतात. दुसरं काही शहाणपण नसतं,” असे त्या माप घेताना म्हणाल्या होत्या. कोपरांवर ठिगळे आहेत, पण कोट अजून चांगला आहे. तो केंद्राच्या सध्याच्या वृत्तप्रमुखांना द्यावा. त्या माझ्यापेक्षा उंच आहेत. बाह्या वन्सं वाढवून देतील. वृत्तप्रमुख माझ्याशी दर गोष्टीत वाद घालतात. म्हणूनच कोट त्यांना.

कलम तिसरे : ध्वनिफीत, तिचे सर्व हक्क, आणि माइक

ही माझी सर्वांत मौल्यवान मालमत्ता आहे. केंद्राने जुनी फडताळे रिकामी केली तेव्हा ही फीत भंगारात निघाली होती. मी रीतसर अर्ज करून ती आणि त्या दिवशीचा माइक विकत घेतला. हक्काचा कागद सोबत आहे.

फितीत काय आहे ते पुढच्या पिढीला माहीत नसेल, म्हणून लिहिते.

डोंगरापलीकडच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला. बहुतेक कामगार वर आले. एकोणीस जण सर्वांत खालच्या बोगद्यात राहिले. आत आग होती. दोन दिवसांनी खाणीच्या मालकांनी जाहीर केले की आत कोणी जिवंत असणे शक्य नाही, आणि आग विझवायची तर हवा तोडली पाहिजे. त्या संध्याकाळी खाणीचे तोंड वाळू आणि काँक्रीट ओतून कायमचे बंद करायचे ठरले. मंत्री येऊन शोकसंदेश वाचणार होते. आमची थेट प्रक्षेपणाची गाडी तेव्हा नवीकोरी होती. हा शोकसंदेश देशभर थेट दाखवायचा असे बड्या साहेबांनी ठरवले.

“मंत्री आणि खाणीचे इंजिनियर सोनेरी कंठ बघेल,” आम्ही निघताना त्यांनी सांगितले. “बातमीबाई, तुम्ही कुंपणाशी जा. दोन-चार रडणाऱ्या बायका घ्या. तीन मिनिटं. मंत्र्यांच्या आधी.”

मी कुंपणाशी गेले. तिथे कोणीच रडत नव्हते. चाळीस-पन्नास बायका जाळीला बिलगून उभ्या होत्या. त्यांतली एक खाणीच्या धुलाईघरात कामगारांचे कपडे धुणारी होती. तिचा नवरा खाली होता. ती मला म्हणाली, “तुम्ही दूधवाल्या ना?”

“हो.”

“मग तुम्हाला सांगते. धुलाईघराच्या मागं पाण्याचा पाइप आहे, खाली जातो. त्यात ठोके येताहेत. सकाळपासनं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, पाइप गार होताना वाजतो. तसा वाजतोही हो. आता माझं मलाच कळेना.”

मी तिच्याबरोबर गेले. मनगटाएवढा लोखंडी पाइप, जमिनीत उतरलेला. कान लावला. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. ते ठोके माणसाचे होते की लोखंडाचे, ते मलाही सांगता येईना. चुकीची आशा दाखवणे हे खोटी बातमी देण्याहून वाईट.

मग माझ्या डोक्यात आले की मी इथे काय ऐकत बसले आहे? माझे काम विचारण्याचे. गार होणारा पाइप वाजत असेल, पण तो उत्तर देत नसतो.

मी दगड उचलला आणि पाइपावर तीन ठोके दिले. काही नाही. धुलाईवालीने माझा दंड धरला होता. तिची बोटे हाडापर्यंत रुतत होती. आणि मग खालून आले: टक, टक, टक.

मी पाच दिले. पाच आले.

धुलाईवाली ओरडली नाही. ती पाइपाला मिठी मारून त्यालाच म्हणाली, “आहेस होय रे?”

मी धावत इंजिनियरकडे गेले. ते म्हणाले, बाई, भावनेच्या भरात माणसाला काहीही ऐकू येतं. मी सोनेरी कंठाला गाठले. तो अधिकाऱ्यांच्या उपाहारगृहात बसला होता. “आत्ता? मंत्री येतायत,” तो म्हणाला. वाळूच्या गाड्या तर तोंडाशी येऊन उभ्या होत्या.

तेव्हा मी आमच्या ध्वनिमुद्रकाकडे गेले. त्याला आम्ही कानसेन म्हणायचो, कारण चहात साखर ढवळली आहे की नाही हे तो आवाजावरून ओळखतो असा त्याचा दावा होता. मी म्हटले, “माझी तीन मिनिटं आहेत. केबल धुलाईघरापर्यंत पोचेल?”

त्याने अंदाज घेतला. “मंत्र्यांच्या माइकची जोडली तर पोचेल.”

“मग मंत्री कशावर बोलणार?”

“तुझी तीन मिनिटं झाली की बघू,” तो म्हणाला आणि केबल खांद्यावर टाकून चालू लागला.

कॅमेरामनने कॅमेरा वळवला. दिवा लागला. मी म्हटले, “प्रेक्षकहो, मला इथे रडणाऱ्या बायकांची मुलाखत घ्यायला पाठवलं आहे. त्या रडत नाहीत. का रडत नाहीत ते मी सांगत नाही, तुम्हीच ऐका.” मी माइक पाइपाला लावला आणि धुलाईवालीच्या हातात दगड दिला.

तिने चार ठोके दिले. आणि खालून चार ठोके देशातल्या प्रत्येक टीव्हीतून बाहेर आले.

तिकडे केंद्रात बडे साहेब “तोडा! तोडा!” म्हणून ओरडत होते. यंत्रावर बसलेल्या अभियंत्याने पुढे मला सांगितले की बटण त्याच्या नाकासमोर होते. तो म्हणाला होता, “साहेब, बटण सापडत नाहीये.” मग साहेब स्वतः शोधायला वाकले, आणि तेवढ्यात पुन्हा ठोके आले. यावेळी सहा. साहेब वाकलेले तसेच राहिले.

मंत्री व्यासपीठावर येऊन पोचले होते आणि त्यांच्यासमोरच्या पडद्यावर हेच चालले होते. मी कॅमेरामनला घेऊन त्यांच्याकडे चालत गेले. मागे सगळ्या बायका. कुंपणाचे फाटक कोणी उघडले ते आजवर कळलेले नाही.

“साहेब,” मी विचारले, “खाणीचं तोंड बंद करायचा हुकूम आपण मागे घेताय का?”

त्यांच्या हातात शोकसंदेशाचा कागद होता. त्यांनी इंजिनियरकडे पाहिले. इंजिनियरने मान खाली घातली. मंत्र्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि ते म्हणाले, “अर्थातच. अर्थातच. आत्ता, ताबडतोब.”

जुन्या पाण्याच्या बोगद्यातून वाट काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला माणूस वर आला, डोळ्यांवर फडके बांधलेला. त्याने पहिला शब्द काढला तो “पाणी” नव्हे, तर “वर ठोकत कोण होतं?” एकोणिसांतले सतरा जिवंत आले. एक सुतार आणि कोळशाच्या गाड्या ओढणारी घोडी हाकणारा एक घोडेवाला स्फोटातच गेले होते. त्यांची नावे मी त्या दिवशी पडद्यावर वाचली, आणि तेव्हा माझा आवाज गोड आहे असे कोणी म्हणाले नाही. धुलाईवालीचा नवरा अकरावा वर आला. तिने त्याला आधी एक चापट मारली आणि मग जवळ घेतले.

त्या घटनेनंतर कायदा झाला: वरून ठोके देऊन, वाट पाहून, उत्तर येत नाही अशी लेखी खात्री केल्याशिवाय कोणत्याही खाणीचे तोंड बंद करता येत नाही. या देशातले खाणकामगार त्याला ‘बाईचा कायदा’ म्हणतात. ही माझी स्थावर मालमत्ता आहे असे मी मानते, पण ती कोणाच्या नावे करता येत नाही.

ध्वनिफितीचे सर्व हक्क मी त्या खाणीतल्या कामगारांच्या कुटुंबांच्या संघाला देते. धुलाईवाली त्याची अध्यक्ष आहे. फीत कोणत्याही शाळेने, कोणत्याही कामगार सभेत, फुकट ऐकवावी. जाहिरातीसाठी वापरू नये. मागच्या वर्षी बॅटरीच्या सेलची एक कंपनी आली होती. ‘इतका वेळ चालतो की...’ असे काहीतरी वाक्य होते. मी त्यांना जिना दाखवला. वन्संनी जिन्याच्या पायऱ्या मोजून दाखवायचीही तयारी दाखवली होती.

माइक कानसेनला. त्याला आता एका कानाने ऐकू येत नाही. तो म्हणतो, ज्या कानाने येते तो अजून दोघांचे काम करतो.

कलम चौथे : सोनेरी कंठ

त्या वर्षीचे ‘उत्कृष्ट वार्तांकना’चे मानचिन्ह सोनेरी कंठाला मिळाले, कारण खाणीच्या बातमीचा तो अधिकृत बातमीदार होता. तेव्हापासून तो त्यावर भाषणे देतो आहे. मी ती बारकाईने ऐकत आले आहे. पहिल्या वर्षी तो “घटनास्थळी” होता. मग “धुलाईघराजवळ” आला. दर वर्षी तो पाइपाकडे एकेक हात सरकतो. गेल्या वर्षीच्या भाषणात दगड त्याच्या हातात होता.

त्याला मी फितीची एक स्वच्छ प्रत आणि चांगला हेडफोन देते. त्याने संपूर्ण ऐकावी आणि स्वतःचा आवाज सापडल्यास माझ्या मुलीला कळवावे. ती त्याचे दात एकदा फुकट साफ करून देईल.

कलम पाचवे : बडे साहेब

त्या प्रक्षेपणाच्या दुसऱ्या दिवशी बड्या साहेबांनी घरी फोन केला. मी खाणीवरच होते. फोन वन्संनी उचलला.

“तुमच्या भावजयीला सांगा, तिला कामावरून काढलंय.”

“थांबा, लिहून घेते,” वन्सं म्हणाल्या. “काढलंय. बरं. कारण काय लिहू?”

“आज्ञाभंग.”

“कोणती आज्ञा?”

आणि वन्संनीच पुढे विचारले, “रडणाऱ्या बायका आणल्या नाहीत म्हणून? साहेब, मी इथं शेजारपाजाऱ्यांसकट टीव्ही बघत होते. सगळी गल्ली रडत होती. एवढ्या पुरत नाहीत का?”

साहेबांनी फोन ठेवला. संध्याकाळी मंत्र्यांनी केंद्राच्या दूरदृष्टीचे जाहीर कौतुक केले आणि माझी बडतर्फी कागदावर यायच्या आधीच संपली. एका मंत्र्याच्या कृपेने नोकरी टिकली याची मला बोच आहे. ती बोच मी त्याच मंत्र्याला पुढे तीन निवडणुकांत प्रश्न विचारून बरीच बोथट केली.

बातमीदार म्हणून माझी नेमणूक झाली. मग परदेशी लढाया, मग संसद, मग संपादकीय टेबल. शेवटी बड्या साहेबांच्याच खुर्चीत मी बसले. त्या मजल्यावर बायकांसाठी संडास नव्हता. इतकी वर्षे मी दोन बातम्यांच्या मध्ये तळमजल्यावर गोदामवाल्यांच्या संडासात धावत जात असे. खुर्चीवर बसून मी सही केलेला पहिला हुकूम तोच. देशाच्या पत्रकारितेतला माझा सर्वांत टिकाऊ बदल कोणता, असे विचारणाऱ्या विद्यार्थिनींना मी तोच सांगते. त्या हसतात, आणि मग हसायच्या थांबतात.

बडे साहेब निवृत्त झाल्यावर दर बातमीपत्रानंतर मला फोन करून चुका सांगत. मरेपर्यंत एकदाही “छान” म्हणाले नाहीत. पण फोन लहान लहान होत गेले. शेवटचा फोन आला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “आज काही नाही,” आणि ठेवला. आमचे देणेघेणे मी तिथेच पूर्ण धरते.

कलम सहावे : ठेवी

बँकेत जे आहे ते मुलीने काढून आवाजाचे आणि कॅमेऱ्याचे काम शिकणाऱ्या मुलींच्या फीसाठी द्यावे. निवेदिका व्हायचे असलेल्यांना देऊ नये. त्यांना आरसा पुरतो. मुलीला यातले काही नको आहे, हे तिने मला स्पष्ट सांगितले आहे. माझे दागिने नाहीत. होते ते कॅमेऱ्यात चमकत, म्हणून मी कधीच काढून टाकले.

कलम सातवे : माझी बातमी

माझ्या मृत्यूची बातमी छोटी असावी. ‘देशातली पहिली महिला बातमीदार’ असे म्हणू नये. ‘पहिली’ म्हटले की लोकांना वाटते, दार आपोआप उघडले आणि ही आत आली. ‘बातमीदार’ एवढेच म्हणावे. ‘अपरिमित हानी’ हे शब्द कोणी वाचल्यास वृत्तप्रमुखांनी त्याचा चहा बंद करावा. छायाचित्र म्हातारपणाचेच दाखवावे. मला ते जास्त आवडते.

कलम आठवे : एक प्रश्न

हे कलम मसुद्यात नव्हते. आज सकाळच्या फोनमुळे घालावे लागले.

ती खाण गेली बरीच वर्षे बंद होती. आता एका नव्या कंपनीने ती विकत घेतली आहे. उद्या तिथे जाहीर सुनावणी आहे. कंपनीच्या आराखड्यात आत जायला एक बोगदा आहे आणि बाहेर यायलाही तोच. धुलाईवालीचा फोन आला होता: “बाई, येताय ना?” वृत्तप्रमुखांनी मला उद्यापुरते ओळखपत्र करून दिले आहे. “प्रश्न तुम्ही विचारा,” त्या म्हणाल्या, “पण वेळेत विचारा.” मुलीने दवाखाना बंद ठेवला आहे, गाडी तीच चालवणार आहे. वन्संही येत आहेत. त्यांना कोणी विचारले नव्हते.

वाटेत माझे काही बरेवाईट झाल्यास माझा प्रश्न बेवारस राहू नये, म्हणून तो मी माझ्या मुलीच्या नावे करते. प्रश्न असा:

~~“खाणसुरक्षा कायद्यातील तरतुदी आणि यापूर्वीच्या दुर्घटनेचा अनुभव लक्षात घेता, प्रस्तावित आराखड्यात पर्यायी निर्गमन मार्गाची व्यवस्था का करण्यात आलेली नाही आणि ती कोणत्या मुदतीत करण्यात येईल?”~~

“माणसं आत अडकली तर बाहेर कुठून येतील?”

वरील खाडाखोड माझ्या संमतीने झाली असून बाजूला माझी सही आहे. ती अशी झाली: मुलगी आत्ताच आली, गाडीची किल्ली टेबलावर ठेवून तिने हे पान वाचले आणि म्हणाली, “आई, एवढा लांब प्रश्न विचारलास तर कंपनीवाला मधल्या कुठल्या तरी शब्दावरून निसटेल. मुदतीबद्दल बोलत बसेल. माझ्याकडे पेशंट येतो त्याला मी ‘आ करा’ म्हणते. एवढंच.” आणि तिने माझ्या हातातले पेन घेऊन खालची ओळ लिहिली.

मी ती दोनदा वाचली. उभ्या हयातीत माझी बातमी कोणी दुरुस्त केली तर मी भांडत आले आहे. यावेळी भांडायला काही सापडेना. तिला कसे वाटते ते पाहावे म्हणून मी म्हटले, “मग उद्या तूच विचार.”

“विचारते की,” ती म्हणाली. “पण आधी तू. तुला उत्तर नाही दिलं तर मी, मला नाही दिलं तर आत्या.”

“मी शेवटी का?” वन्संनी टाचण्या काढून विचारले.

म्हणून या प्रश्नाची मालकी मी तिघींच्या नावे संयुक्त करत आहे, उत्तर मिळेपर्यंत.

वर लिहिलेले सर्व माझ्या हातचे आहे, मुलीने लिहिलेली एक ओळ सोडून. मी ते मोठ्याने वाचून दाखवले. साक्षीदारांनी ऐकले आणि मधे एकदाही खोकले नाहीत.

ठिकाण : जेवणाचे टेबल, बेकरीच्या वर
दिनांक : सुनावणीच्या आदला दिवस, दुपार

सही : बातमीबाई

साक्षीदार पहिला : खालचे बेकरीवाले. हातांना पीठ असल्याने सही थोडी पांढरी आली आहे, ग्राह्य धरावी.

साक्षीदार दुसरा : समोरच्या घरातल्या निवृत्त भूगोल शिक्षिका. सही करताना विचारले, “गाडीत आणखी एक जागा आहे का?” आहे, असे सांगितले.